वाटणी बरोबर

लोणावळ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर जो कॉम्प्युटर क्लास आहे, तिथं तमन्ना शिकवते. क्लास दुसऱ्याचा, पाटी दुसऱ्याची, पंखासुद्धा दुसऱ्याच्या मर्जीनं फिरणारा. तिचं स्वतःचं तिथं काही असेल तर ती तिची नजर. पोरानं लिहिलेला प्रोग्राम ती वरून खाली एकदा वाचायची आणि जिथं पोरानं घाई केली असेल नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवायची. पोरं तिला टरकून असत. परीक्षा जवळ आली की मात्र तीच पोरं धापा टाकत जिना चढून यायची.

तिला स्वतःचा क्लास काढायचा होता आणि त्याची जागाही ठरलेली होती. कार्ल्याच्या फाट्यावर, जुन्या हायवेला लागून तिच्या अब्बांनी, म्हणजे इनायतभाईंनी, सहा गाळे बांधले होते. त्यातला कोपऱ्यावरचा गाळा दाखवून ते म्हणायचे, "हितं तुझी पाटी लागंल. एसटीतनं जाणाऱ्याला बी दिसली पायजे." माणूस बोलायला मोकळा आणि कागद करायला आळशी. मागल्या वर्षी ते गेले आणि त्यांचा शब्दही त्यांच्याबरोबर गेला. मागं राहिली तमन्नाची आई जैतुनबी, थोरला भाऊ शादाब, धाकटा फरदीन, आणि हे सहा गाळे.

तेव्हापासून घरात ताट वाढलं की वाटणीचा विषय निघायचा आणि ताट उचललं तरी संपायचा नाही. त्यामुळे फरदीननं कॉलेजच्या प्रोग्रामसाठी तेच उदाहरण घेतलं, यात नवल काही नव्हतं. तो तळेगावला डिप्लोमाला होता. सरांनी सांगितलं होतं की सी भाषेत अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार लिहा आणि रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण त्यावर सोडवून दाखवा. बाकीच्यांनी भाकरीचे नाहीतर पिझ्झ्याचे तुकडे केले. फरदीननं बापाच्या जागेचे केले.

रविवारी दुपारी क्लास रिकामा असतो. फरदीन आला, पेन ड्राइव्ह तिच्यासमोर ठेवला आणि बाकावर मांडी घालून बसला.

"आपा, तेवढं तपासून दे. चालतंय, पण उत्तर कायतरी येडंच येतंय."

तमन्नानं सवयीप्रमाणे आधी त्याची फाइल जशीच्या तशी एका बाजूला उतरवून ठेवली. दुरुस्तीच्या आधी चुकीची प्रत राखायची, नाहीतर पोरं मागाहून ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ म्हणून मोकळी होतात. मग तिनं प्रोग्राम चालवला. इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न आले. पत्नी? एक. मुलगे? दोन. मुली? एक. तिला बरं वाटलं. फरदीननं कुणी न सांगता मुलगी धरली होती.

उत्तर आलं. पत्नीला एक छेद आठ. मुलाला पस्तीस छेद सोळा. मुलीला पस्तीस छेद आठ.

"म्हणजे मला चार पूर्णांक तीन छेद आठ," तमन्ना म्हणाली. "एका जागेतनं मला चार जागा आल्या आणि वर थोडी उरली. आणि तुला माझ्या निम्मं."

"घे की मग," फरदीन हसत म्हणाला. "मला तेवढं बास."

तीही हसली. अब्बा गेल्यापासून वाटणी या शब्दावर त्या घरातलं कुणी हसलं असेल तर ते हेच.

"गुणाकार दाखव तुझा," ती म्हणाली.

गुणाकारात पाणी मुरत होतं. आपल्याकडं शाळेत तिरका गुणाकार इतका घोटून घेतात की अपूर्णांक दिसला रे दिसला की पोरांचा हात आपोआप तिरका जातो. याचा अंश त्याच्या छेदाशी, त्याचा अंश याच्या छेदाशी. बेरजेला ते चालतं. फरदीननं गुणाकारालाही तेच लावलं होतं.

"तिरकं नाही रे. अंशाला अंशानं आणि छेदाला छेदानं गुणायचं. गुणाकार म्हणून तू भागाकार करून ठेवलायस. आता नीट बघ. अम्मीचा आठवा हिस्सा काढला की सात छेद आठ उरले. तुमचे दोघांचे दोन-दोन वाटे, माझा एक, मिळून वाटे पाच. सात छेद आठ गुणिले एक छेद पाच, किती?"

"सात छेद चाळीस."

"तेवढंच माझं."

मुलीला मुलाच्या निम्मं, ही त्यांच्यातली रीत. तमन्नाचं तिच्याशी भांडण नव्हतं. निम्मं तर निम्मं, पण ते तरी हातात पडावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मग तिनं प्रोग्राम खऱ्या अर्थानं हातात घेतला. चार क्रियांसाठी त्यानं त्याच त्याच दहा ओळी चार ठिकाणी चिकटवल्या होत्या. त्या तिनं एका जागी आणल्या. उत्तरं तो जशी येतील तशी छापत होता, त्यामुळे बेरजा करत गेलं की छेद हजारांत जात होते. त्यासाठी तिनं त्याच्याकडून एक वेगळं फंक्शन लिहून घेतलं आणि त्याला नाव दिलं मसावि.

"आपा, सर जीसीडी लिहितात. हे बगून समदी हसतील."

"हसू देत. मसावि म्हटलं की काय करायचं ते तुला कळतं. जीसीडी म्हटलं की तू मोबाइल उघडतोस. मोठ्याला लहानानं भाग. जी बाकी उरेल तिनं आता लहानाला भाग. बाकी शून्य होईस्तोवर. आणि प्रत्येक उत्तर या चाळणीतनं काढल्याशिवाय छापायचं नाही. चौदा छेद चाळीस असलं काही परीक्षकाच्या हातात द्यायचं नसतं. अतिसंक्षिप्त रूप. सुटसुटीत."

"अतिसंक्षिप्त," फरदीन टाइप करता करता पुटपुटला.

"आता हे बघ. घरात पोरंच नसली तर वाटे शून्य. छेद शून्य झाला की प्रोग्राम आडवा. तिथं अडव."

त्यानं अडवलं. मग मान वर करून विचारलं, "आणि नुसत्या मुली शून्य टाकल्या तर?"

"तर काय? असतात की घरं, मुली नसलेली. चालू दे."

शेवटी तिनं स्वतःच्या हातानं एक तपासणी घातली. सगळे हिस्से मिळवायचे. बेरीज एक छेद एक आली तर लिहायचं, वाटणी बरोबर. नाही आली तर, वाटणी चुकली. "हे असलं की कुणाला लबाडी करता येत नाही," ती म्हणाली. आपल्या कामावर माणूस खूश असला की अशी वाक्यं तोंडून जातात.

प्रोग्राम पुन्हा चालवला. पत्नीला एक छेद आठ, एकेका मुलाला सात छेद वीस, मुलीला सात छेद चाळीस. एकूण एक छेद एक. वाटणी बरोबर. तमन्नानं सहानं गुणून पाहिलं, गाळे सहा म्हणून. तिच्या वाट्याला एक पूर्णांक एक छेद वीस गाळा येत होता.

"वरचा विसावा भाग मी सोडला," ती म्हणाली. "मला कोपऱ्याचा एक दिला की झालं."

फरदीन खाली मान घालून पेन ड्राइव्ह काढत होता. तिनं ते मनावर घेतलं नाही, कारण तिच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. शुक्रवारी घरी बैठक ठरली होती. "फरदीन, तू लॅपटॉप घेऊन ये आणि सगळ्यांसमोर हेच चालवून दाखव. मी बोलले की भांडण वाटतं. मशीन बोललं की हिशोब वाटतो."

"व्हय," फरदीन म्हणाला.

शिकवणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. आपण ज्याला शिकवलं तो आपल्या बाजूचा, असं तो धरून चालतो. तमन्नानं या पोराला पाढे शिकवले होते, सायकल शिकवली होती, दहावीच्या गणितात रडत बसला तेव्हा शेजारी बसून पेपर सोडवून घेतले होते. त्यामुळे शादाबची तिला धास्ती होती, आईची काळजी होती, पण फरदीनचा तिनं विचारच केला नाही.

शुक्रवारी नमाज करून मंडळी घरी जमली. कोंडाजी आबांना बोलावलं होतं. शेजारचं भाताचं खाचर त्यांचं, इनायतभाईंशी त्यांची बालपणापासूनची दोस्ती, आणि गावात कुणाच्याही घरात वाटणीवरून वाजलं की मधे बसायला तेच. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, बाकी सगळे सतरंजीवर. चहा झाला. शादाब म्हणाला, "फरदीन, दाव तुझं ते."

फरदीननं लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा वळवला. पत्नी? त्यानं शून्य टाकलं. मुलगे? दोन. मुली? शून्य.

मुलाला एक छेद दोन. एकूण एक छेद एक. वाटणी बरोबर.

"काय म्हनतंय यंत्र?" कोंडाजी आबांनी विचारलं.

"वाटणी बरोबर म्हणतंय, आबा," शादाब म्हणाला.

तमन्नाला आधी खरंच वाटलं की पोरगं गडबडलं. "आकडे चुकलास तू," ती म्हणाली, अगदी क्लासमधल्या आवाजात. "परत टाक."

"चुकलो न्हाई, आपा." फरदीन तिच्याकडं न बघता बोलत होता. "अम्मीनं काल तिचा हिस्सा सोडला. तू बी सोडणारच, भाई म्हणला. मग उगा चाळीसचा छेद घिऊन वडगावच्या हापिसात कोण फिरणार? तूच म्हणलीस ना, उत्तर अतिसंक्षिप्त पायजे."

त्याच्या आवाजात खोट नव्हती, चिडवणं नव्हतं. गृहपाठ नीट केलेल्या पोरासारखा तो बोलला. तमन्नाला त्याचाच जास्त संताप आला. ती पडद्याकडं बघत राहिली. छेद शून्य होऊ नये म्हणून तिनं अडसर घातला होता. मुली शून्य होऊ नयेत म्हणून नव्हता घातला. बेरीज एक येते का हे तिनं तपासलं होतं, त्या एकात कोण कोण आहे हे तपासायचं तिला सुचलं नव्हतं. आणि कुणाला लबाडी करता येणार नाही म्हणून जी ओळ तिनं स्वतः लिहिली, तीच आता सगळ्यांसमोर तिच्या विरुद्ध साक्ष देत होती.

"कोपऱ्यावरचा गाळा कुणाला?" तिनं विचारलं.

शादाब कपाकडं बघू लागला.

"मला," फरदीन म्हणाला. "मोबाइलचं दुकान टाकतोय. त्याचं तोंड हाय ना रस्त्याला. उद्या तुझं लगीन झालं की गाळा परक्या घरात जाणार, आपा. भाई म्हणतोय ते काय खोटं न्हाई."

"रविवारी मला चार जागा देत होतास."

"ती गंमत व्हती."

कोंडाजी आबा खाकरले. "पोरी, ह्यात वाईट वाटून घिऊ नगंस. आमच्यात बी भैनी हक्कसोड करत्यात. सोडलं की माहेर ऱ्हातं. सणाला लुगडं मिळतं, भाऊ धावून येतो. आमच्या शालीनं, माज्या भैनीनं, न्हाई का सोडलं?"

मावळात निवडणुकीला, लाउडस्पीकरला, उरुसाच्या आणि जत्रेच्या तारखेला कितीही वाद होवोत. बहिणीनं सही करावी यावर दोन्ही समाजांचं एकमत आहे. इतका सलोखा दुसऱ्या कशात दिसत नाही.

शालूबाईंना तमन्ना चांगली ओळखत होती. त्या खंडाळ्याला एका बंगल्यावर कामाला होत्या, आणि सकाळच्या एसटीत बहुतेक तमन्नाच्या शेजारीच बसायच्या. माहेरचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघायच्या.

"राहिलं का हो आबा, शालूमावशीचं माहेर?"

आबांनी रिकामा कप तोंडाला लावला. "ती येत न्हाई आता," ते म्हणाले.

"बोलवता का तुम्ही?"

"बास कर, तमन्ना." हे जैतुनबी बोलल्या. इतका वेळ त्या भिंतीला टेकून तसबीच्या मण्यांवर बोट फिरवत होत्या. "मोठ्या मान्साला आसं इचारत्यात व्हय? सही करून टाक. घरात लय झालं हे."

"अम्मी, तुझा आठवा हिस्सा होता."

"आठव्या हिश्श्यात मी निजू का रांधू? उद्या हातपाय गळाले की मी कुटं जाऊ? ह्यांच्याच दारात ना? तू भांडशील, कोर्टात जाशील, तुला पगार हाय. त्यांचा राग कुनावर निघंल? माझ्यावर."

आई खोटं बोलत नव्हती. घाबरलेलं माणूस फार खरं बोलतं. शादाबशी तिला भांडता आलं असतं, फरदीनच्या तर तिथंच एक कानफटात ठेवून द्यावीशी वाटत होती. पण आई तसबीचा एकच मणी पुन्हा पुन्हा ओढत होती, आणि त्यापुढं सात छेद चाळीस टिकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला अब्बांचा राग आला. एक कागद केला असता तर काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि तो राग पुढं कधी गेला नाही.

पुढच्या आठवड्यात वडगावला रजिस्टर ऑफिसात जाऊन तिनं हक्कसोडीच्या कागदावर सही केली. टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना? मोबदला काही?"

"काही नाही," तमन्ना म्हणाली.

बाहेर आल्यावर शादाबनं सगळ्यांना उसाचा रस पाजला. फरदीननं तिचा ग्लास स्वतः आणून दिला. तिनं तो घेतला आणि तसाच कट्ट्यावर ठेवला.

पावसाळा सरता सरता कोपऱ्यावर पाटी लागली. निळ्या अक्षरांत फरदीन मोबाइल, वर दिवे. अब्बा बरोबर बोलले होते, एसटीतनं जाणाऱ्यालाही ती दिसते. तमन्ना रोज बघते, कारण ती बसते शालूबाईंच्या शेजारी, आणि त्या बाजूची आपली खिडकी शालूबाई सोडत नाहीत.

त्याच सुमारास फरदीनचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आपा, सरांनी माझा प्रोग्राम समद्या वर्गाला दावला. शेवटची ती ओळ त्यांना लय आवडली, वाटणी बरोबरची. म्हणले, आपलं उत्तर आपणच तपासणारा प्रोग्राम दुसऱ्या कुणीच लिहिला न्हाई. आणि मसावि बगून कुणी हसलं बी न्हाई."

"चांगलं झालं," ती म्हणाली.

"पुढचा प्रोग्राम आलाय. रविवारी घिऊन येऊ का तपासायला?"

"रविवारी क्लास बंद असतो," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

नव्या बॅचला अपूर्णांकांचा धडा आला तेव्हा तिला ती बाजूला ठेवलेली फाइल आठवली. फरदीनची मूळची, चुकीची. तिनं ती भिंतीवरच्या पडद्यावर लावली. पत्नी एक, मुलगे दोन, मुली एक. मुलाला पस्तीस छेद सोळा, मुलीला पस्तीस छेद आठ.

"यात एक चूक आहे," ती वर्गाला म्हणाली. "उत्तराकडं बघूनच कळते. प्रोग्राम वाचायचीसुद्धा गरज नाही. सांगा."

कुणीतरी म्हणावं की हिस्सा एकापेक्षा मोठा कसा येईल, याची ती वाट बघत होती. पोरं पडद्याकडं बघत राहिली. मागच्या बाकावरून समीक्षानं हात वर केला. वर्गात सगळ्यांत हुशार तीच.

"मॅडम, मुलीला मुलाच्या दुप्पट मिळतंय. म्हणजे नक्की चुकलंय."

"का?"

समीक्षा गोंधळली. इतक्या सोप्या गोष्टीला ‘का’ म्हणून कशाला विचारतात, हे तिला कळेना. "असं नसतंच ना, मॅडम."

वर्गात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात कुणाला काही दिसलंच नाही.

"बरोबर," तमन्ना म्हणाली, आणि गुणाकाराची ओळ दुरुस्त करायला वळली.